खोली एकट्या माणसाला

तार्हेलिया प्रोआन्योकडे भाड्याने देण्यासारखी एकच गोष्ट होती, ती म्हणजे तिचा चेहरा. घर नव्हतं, जमीन नव्हती. कीतो शहरात, सान हुआनच्या चढावर एका जुन्या घराच्या मागच्या अंगणात एक खोली होती, तीही भाड्याचीच. पण चेहरा असा, की बघणाऱ्याने आधी खुर्ची पुढे करावी. गोरा रंग, घारे डोळे, पातळ ओठ आणि अंगात तो काळा कोट. कोट तिला एका वकिलाच्या बायकोने दिलेला. त्यांच्याकडे ती अकराव्या वर्षापासून इस्त्रीला होती. नवरा गेला म्हणून बिचारी काळं घालते, असं लोक म्हणायचे. नवरा कसला जातोय! सांतो दोमिंगोला दुसरीबरोबर संसार थाटून धडधाकट केळी विकत बसला होता. पण काळ्या कपड्यातल्या विधवेला कीतोतल्या घरमालकिणी दारात ताटकळत ठेवत नाहीत, हे तिने फार लवकर हेरलं आणि तो कोट काही अंगावरून उतरवला नाही.

आता चेहरा भाड्याने देणं म्हणजे काय, ते ऐका. आपल्या या दक्षिणेकडच्या वस्त्यांत खिडक्यांना कागद चिकटवलेले असतात. ‘खोली भाड्याने. एकट्या माणसाला. मुलं नकोत, कुत्री नकोत.’ कागद एकच, पण दारात कोण उभं आहे ते बघून मालकिणीची भाषा बदलते. किनाऱ्यावरच्या एस्मेराल्दासहून आलेली काळी बाई दिसली, की “अगंबाई, आत्ताच गेली हो खोली, तासभरसुद्धा झाला नाही.” डोंगरातून पोंचो पांघरून आलेला माणूस दिसला, की “नाही हो, माझ्या पुतणीला देतेय.” कडेवर एक आणि हाताला दोन पोरं घेऊन कोणी आली, तर दार साखळीएवढंच उघडायचं आणि तेवढंच बंद व्हायचं. आणि कागद? तो पुढचे दोन महिने तिथेच, उन्हाने पिवळा पडेपर्यंत.

अशा कागदाखाली तार्हेलिया जाऊन उभी राहायची. कोटाची वरची गुंडी लावलेली, मनगटाला जपमाळ गुंडाळलेली, तोंडावर असा भाव की बाई थेट चर्चमधूनच येतेय. दार सताड उघडायचं.

“किती जणं?” मालकीण विचारायची.

“मी एकटीच हो,” तार्हेलिया उसासा टाकून म्हणायची. “देवाने दुसरं कोणी ठेवलंच नाही माझ्याजवळ.”

या वाक्याला आजवर कोणी नाही म्हटलं नव्हतं. मग ती खोली अगदी नीट बघायची. धुण्याचा दगड कुठल्या वाराला मिळेल, पाणी किती वाजता जातं, रस्त्याचं दार किती वाजता लागतं, सगळं विचारायची. इतकं विचारणारी म्हणजे संसारी, टापटिपीची बाई, असं मालकिणीच्या मनात बसायचं. रेघांच्या कागदावर सही व्हायची आणि किल्ली हातात पडायची.

पुढचं काम सबुरीचं होतं. पहिल्या आठवड्यात तार्हेलिया स्वतः एक पलंग आणि एक पातेलं घेऊन राहायला जायची. दुसऱ्या आठवड्यात, “माझी भाची आलीय हो, दवाखान्याचं काम आहे, दोन दिवस राहील.” भाची काळीकुळकुळीत कशी, असं मालकिणीच्या डोळ्यांत दिसलं, की तार्हेलिया आवाज खाली करून म्हणायची, “भावाने किनाऱ्यावरची केली. काय करता!” आणि दोघी मिळून उसासा टाकायच्या. भाची रोज अंगण झाडायची, मालकिणीला संत्री नेऊन द्यायची. महिना उलटला की पोरं ‘भेटायला’ यायची, ती परत जायचीच नाहीत. तोवर मालकिणीला भाचीची सवय झालेली असायची, हाकलायला जीभ रेटायची नाही. मग तार्हेलिया बहिणीकडे जाते म्हणून निघायची आणि सान हुआनला आपल्या खोलीत येऊन पाय शेकत बसायची.

तो पहिला महिना मात्र जिवावरचा. पोरं पहिल्या दिवसापासून खोलीतच असायची आणि नसल्यासारखी असायची. तार्हेलिया प्रत्येक घराला बजावून सांगायची, “वास नको, आवाज नको, सावली नको.” किनाऱ्यावरच्या माणसाचा घास नारळाशिवाय उतरत नाही, आणि नारळाच्या रसात शिजणाऱ्या मासळीचा वास दोन अंगणं ओलांडून जातो. म्हणून महिनाभर नुसता भात, बटाटा, अंडं. दिवा लागला की खिडकीच्या पडद्यावर एकाच डोक्याची सावली पडली पाहिजे, बाकीच्यांनी खाली बसून राहायचं. आणि आवाजासाठी तार्हेलियाने एक युक्ती काढली होती. उरल्यासुरल्या लोकरीचे ती जाड मोजे विणायची, प्रत्येक पोराला एक जोड. एका पायात लाल, एका पायात हिरवा, जशी लोकर सापडेल तसा.

मोबदला काय घ्यायची? बसचं भाडं आणि एक जेवण. ज्या दिवशी घरातली बाई दार उघडं टाकून, कोणाला न भिता, नारळातली मासळी शिजवेल, त्या दिवशी पहिलं ताट तार्हेलियाचं. अशी बावीस घरं लावली तिने. लबाडी म्हणाल तर म्हणा लबाडी. पण मग त्या खिडकीवरच्या कागदाला काय म्हणाल?

बावीसांतलं एकच घर बिघडलं. ते एल्सिदाचं.

एल्सिदा प्रेसियादो एस्मेराल्दासची. नवरा मासेमारीच्या होडीवर गेला तो परत आला नाही. पाच वर्षांच्या मुलीला, युलिसाला, घेऊन ती कीतोत आली आणि पंधरा दारं फिरली. सोळाव्याला तार्हेलिया पुढे झाली. ला फेरोविआरिया वस्तीत सेन्योरा ग्लॅडिसच्या घरात वरच्या मजल्यावर खोली होती, फळ्यांची जमीन, अंगणावर उघडणारी एक खिडकी आणि एक अवजड कपाट. कपाट भिंतीपासून हातभर पुढे ओढलं की मागे सांदट व्हायची. एल्सिदा लोकांचे कपडे धुवायला बाहेर पडायची, तार्हेलिया पलंगावर बसून विणायची आणि युलिसा त्या सांदटीत.

एकदा दुपारी सेन्योरा ग्लॅडिस कॉफीचे दोन कप घेऊन वर आली आणि पलंगावर ऐसपैस बसली. बहिणीचं ऑपरेशन, शेजाऱ्याचा कुत्रा, पावाचे भाव, तोंडाचा पट्टा थांबेना. तार्हेलिया हो-हो करत होती, पण तिचे कान कपाटाकडे. पोरीला सकाळपासून खोकला होता. अर्धा तास गेला, पाऊण तास गेला. ग्लॅडिस उठून खाली गेली तेव्हा तार्हेलियाने धावत जाऊन आत डोकावलं. युलिसाने एका पायातला मोजा काढून गोळा करून तोंडात कोंबला होता. डोळ्यांतून पाण्याच्या धारा, पण आवाज नाही.

“शहाणी गं माझी!” तार्हेलियाने तिला उराशी धरलं. “हूं की चूं नाही केलंस!”

बक्षीस म्हणून तिने तिला गुळाची वडी दिली. ही गोष्ट पुढे कितीतरी वर्षं ती लोकांना कौतुकाने सांगायची, पोरं कशी असावीत बघा म्हणून. पोरीच्या दुसऱ्या पायातला मोजा ओला झाला होता. तो तिने धुऊन टाकला आणि ते मात्र कोणाला सांगितलं नाही.

तीन आठवडे असे निभले. मग युलिसाला ताप भरला. चार दिवस पोरगी काही खाईना, फक्त नारळातली मासळी मागायची. आईचंच काळीज ते. पाचव्या दिवशी एल्सिदाने खिडकी बंद केली, दाराच्या फटीत ओलं फडकं खोचलं आणि नारळ फोडला. दहा मिनिटांत ग्लॅडिस वर.

“माझ्याच घरात बसून माझ्याच डोळ्यांत धूळ फेकलीस?” ती तार्हेलियावर गरजली. “वर माझी कॉफी प्यायलीस! एकटी म्हणे, देवाने कोणी ठेवलं नाही म्हणे! चल, नीघ. पुन्हा हे तोंड या उंबऱ्यावर दिसलं, तर तुझ्याबरोबर यांचंही सामान रस्त्यावर टाकीन.”

एल्सिदाने पाय धरले. दर शनिवारी अंगण आणि जिना घासून देईन, फुकट, असं कबूल केलं. फुकटची मोलकरीण कोणाला नको असते? मायलेकी राहिल्या. ती मासळी एल्सिदाने पातेल्यात झाकून सान हुआनला नेऊन दिली. दोघी तिथेच जेवल्या.

वर्षं गेली. खोल्या आता लोक फोनवर शोधायला लागले, तार्हेलियाच्या गुडघ्यांना चढ सोसेना, कोणी बोलवायला यायचं थांबलं. एल्सिदा दोन वर्षांपूर्वी मूत्रपिंडाच्या आजाराने वारली. युलिसा एका इस्पितळाच्या धुलाईखान्यात चादरी इस्त्री करायला लागली होती, चोवीस वर्षांची झाली होती. तीच खोली, तेच कपाट. “एकटी आहेस तोवर राहा,” असं ग्लॅडिसने तिला आईच्या मातीच्या दिवशीच सांगून ठेवलं होतं. दर रविवारी युलिसा पाव घेऊन तार्हेलियाकडे यायची. तिला मावशी म्हणायची.

आणि मग सान हुआनचं घर विकलं गेलं. म्हातारी मालकीण वारली, भाच्यांनी वाटण्या केल्या, घेणाऱ्याला तिथे परदेशी पाहुण्यांसाठी हॉटेल काढायचं होतं. दोन महिन्यांत खोली सोडा, असा निरोप आला. तार्हेलिया एकतीस वर्षं तिथे होती. वय शहात्तर.

युलिसा घाबरली. तार्हेलिया हसली. “बावीस घरं लावलीत मी, पोरी. माझं एक लागणार नाही? आणि या खेपेला तर खोटंसुद्धा बोलायचं नाही. खरंच एकटी, खरंच पोरं नाहीत, कुत्रं नाही. अशी भाडेकरीण त्यांना दिवा घेऊन शोधली तरी मिळणार नाही.”

कोटाला ब्रश मारून ती निघाली. पहिलं दार सताड उघडलं, नेहमीसारखंच. मालकिणीने आधी चेहरा बघितला, मग काठी बघितली, मग सुजलेले पाय.

“तुमचं वय काय हो, मायबाई?”

हा प्रश्न तिला आजवर कोणी विचारला नव्हता. तिने सहा वर्षं कमी सांगितली.

“आणि तुमचं बघायला कोण आहे? मुलगा, मुलगी? रात्री-अपरात्री काही झालं तर?”

“मला काय होतंय!”

“तसं नाही हो. जिना फार उभा आहे.”

दुसऱ्या दारी जिना नव्हता, तर पाणी थंड होतं, म्हाताऱ्या माणसाला बाधेल. तिसऱ्या दारी बाईला खोली ‘कोणा तरुणाला’ द्यायची होती. चौथी मात्र स्पष्टवक्ती निघाली. मागे तिच्याकडे एक म्हातारा खोलीतच गेला, दोन दिवसांनी कळलं. पोलीस, कागद, धुरी द्या, पाद्र्याला बोलवा, आणि एवढं करून वर्षभर त्या खोलीला गिऱ्हाईक नाही. “माझ्या जागी तुम्ही असता तर काय केलं असतं, सांगा,” ती म्हणाली. पाचव्या दारात साखळीएवढ्या फटीतून आवाज आला, “अगंबाई, आत्ताच गेली हो खोली, तासभरसुद्धा झाला नाही.” तार्हेलिया खिडकीवरच्या पिवळ्या कागदाकडे बघत उभी राहिली. हे शब्द तिने शेकडो वेळा दुसऱ्यांच्या तोंडून ऐकले होते. ते लोक रडत सांगायचे आणि ती म्हणायची, “रडतेस काय, चल मी येते.” आज तिच्याबरोबर यायला कोणी नव्हतं.

सव्वा महिना असा गेला. शेवटी ला मागदालेनात एक खोली सापडली. तळमजला, नळ दाराशी, चर्च पाच पावलांवर. मालकीण दोन्या फ्लोरिंदा, स्वभावाने मऊ, असं पाववालीने सांगितलं.

“मी येते तुझ्याबरोबर,” युलिसा म्हणाली. “मी भाची म्हणून उभी राहते.”

“तू नको,” तार्हेलिया पटकन बोलून गेली. “तू दिसलीस तर दार अर्धंच उघडेल.”

युलिसाने पाव कापायला घेतला. कापता कापता म्हणाली, “मग माझा फोन नंबर दे. इस्पितळात काम करणारी भाची आहे, रोज येऊन बघून जाते, असं सांग. फोनवर काही माझा रंग दिसत नाही.”

“हो गं, तसंच करते.” तार्हेलियाला मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण शब्द तोंडातून गेला होता.

रस्ताभर तिने पाठ केलं. भाची आहे, इस्पितळात असते, रोज येते, हा तिचा नंबर. भाची आहे, इस्पितळात असते. दोन्या फ्लोरिंदाने खरंच दार सताड उघडलं, खुर्ची दिली, वर गवती चहाचा कप दिला. खोली छोटी पण कोरडी होती. खिडकीत गुलाबी फुलांची कुंडी. तार्हेलियाने धुण्याच्या दगडाचा वार विचारला, पाण्याची वेळ विचारली. फ्लोरिंदा खूश झाली. कागद-पेन आणायला उठली आणि उठता उठता सहज विचारलं, “किती जणं म्हणालात?”

आणि तीस वर्षांची सवय पुढे आली. तार्हेलियाने उसासा टाकला. जपमाळेवर हात ठेवला. “मी एकटीच हो,” ती म्हणाली. “देवाने दुसरं कोणी ठेवलंच नाही माझ्याजवळ.”

फ्लोरिंदा थबकली. “कोणीच नाही?”

तार्हेलियाने घाईघाईने खिशातून नंबराचा कागद काढला. “म्हणजे... भाची आहे ना. इस्पितळात असते. हा बघा नंबर.”

“पण आत्ता तर तुम्ही म्हणालात, कोणी नाही म्हणून.” फ्लोरिंदाचा आवाज अजूनही मऊ होता. ती पेन न घेताच परत येऊन बसली. “हे बघा, मावशी, वाईट वाटून घेऊ नका. सकाळी एका मुलाचा फोन येऊन गेला, त्याला मी जवळजवळ शब्दच दिलाय. तुम्ही चहा प्या. सावकाश प्या.”

तार्हेलियाने चहा पूर्ण प्यायला, कारण टाकून उठणं बरं दिसलं नसतं. मग चर्चच्या पायरीवर जाऊन बसली. स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटत होती. त्या एका वाक्याने बावीस घरांची दारं उघडली होती, आणि आपल्या वेळी ती जीभ आवरली नाही! संध्याकाळी पाळी संपवून युलिसा शोधत तिथे आली, तरी ती तशीच बसलेली होती.

“माझा फोन नाही वाजला,” युलिसा म्हणाली.

“नाही वाजायचा.”

युलिसा शेजारी बसली. मग म्हणाली, “शनिवारी सकाळी ग्लॅडिस बाजारात जाते. दोन तास नसते. सामान थोडंच आण.”

“वेडी आहेस का? ती बाई माझं तोंड विसरलेली नाही.”

“म्हणून तर तोंड दाखवायचं नाही.”

“सापडले तर तुलाही बाहेर काढेल.”

“सापडू नकोस मग,” युलिसा म्हणाली आणि तिला हाताला धरून उठवलं.

शनिवारी तार्हेलिया एका गाठोड्यासह तो जिना एकेक पायरी बसत चढली. एकोणीस वर्षांत खोली बदलली नव्हती. युलिसाने कपाट भिंतीपासून पुढे ओढून ठेवलं होतं, मागे एक बुटकं स्टूल आणि त्यावर उशी. मग तिने गादीखालून मोज्यांचा नवा जोड काढला, राखाडी, जाड लोकरीचा.

“हे घालूनच चालायचं. फळ्या वाजतात.” ती म्हणाली. “मी नसताना नळ सोडायचा नाही. दिवा लागला की खाली बसायचं. आणि मावशी, ते छातीला चोळायचं मेन्तोल...”

“वास येतो,” तार्हेलिया म्हणाली.

“वास येतो.”

“मग नाही लावत.”

“रात्री थोडं लाव. मला सर्दी झालीय असं सांगेन मी.” युलिसा हसली. “महिनाभर काढू. मग सांगू, किनाऱ्याहून म्हातारी मावशी आलीय. दार उघडं टाकून मासळी करू. पहिलं ताट तुझं.”

“हो, करू,” तार्हेलिया म्हणाली. पण हा धंदा तिचाच होता आणि त्यातलं तिला सगळं कळत होतं. भाचीला हाकलायला मालकिणीची जीभ रेटत नाही, कारण भाची अंगण झाडते. शहात्तर वर्षांच्या म्हातारीला कोण ठेवून घेणार? आणि या तोंडाला तर ग्लॅडिस जन्मात नाही.

दहा दिवस गेले. दिवस फार लांब असतो, हे तार्हेलियाला तिथे कळलं. ती पलंगाच्या कडेला बसून विणायची, सुया एकमेकींना लागल्या की दचकायची. अंगणात कोणी हसलं की हात थांबायचे. उन्हाचा एक पट्टा खिडकीतून येऊन फळ्यांवरून सरकायचा, तिला वाटायचं जाऊन पाय त्यात ठेवावेत, पण खिडकीशी जायची बंदी होती.

अकराव्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास जिन्यावर पावलं वाजली. तार्हेलिया उठली, गाठोडं पलंगाखाली सारलं आणि कपाटामागे शिरली. कुलपात किल्ली फिरली. सेन्योरा ग्लॅडिस छताला पाणी झिरपतंय का ते बघायला आली होती. तिनेही आता सत्तरी ओलांडली होती, जिना चढून धाप लागली होती. ती पलंगावर बसली. करकर आवाज झाला. मग बराच वेळ काहीच नाही, नुसता तिचा श्वास.

“मेन्तोल,” ग्लॅडिस स्वतःशीच म्हणाली. “पोरीला बरं नाही वाटतं.”

तार्हेलियाच्या घशात खवखव सुरू झाली. ती गिळत राहिली. डोळ्यांना धार लागली. शेवटी तिने वाकून, भिंतीला खांदा घासत, एका पायातला मोजा काढला आणि तोंडात कोंबला. लोकरीचा धागा जिभेला चिकटला. पलंगावर ग्लॅडिस गुडघे चोळत बसली होती, चपला घालत होती, पुन्हा काढत होती. किती वेळ गेला कोण जाणे. पोटातलं धरून ठेवणं तार्हेलियाला जमेना. दुसऱ्या पायातला मोजा गरम झाला, मग गार.

जाताना ग्लॅडिसने खिडकी लावून घेतली. आजारी पोरीच्या खोलीत वारा नको म्हणून.

संध्याकाळी युलिसा आली तेव्हा तार्हेलिया अजून स्टुलावरच होती. तिला आपलं आपण बाहेर निघता येईना. युलिसाने कपाट ओढलं, मोजा बघितला, जमीन बघितली. तिला धरून पलंगावर बसवलं, पाय कोमट पाण्याने पुसले, कोरडा परकर दिला, फळ्या पुसल्या, मोजे बादलीत भिजत टाकले. मग तिच्या शेजारी बसून तिचं डोकं आपल्या खांद्यावर घेतलं.

“शहाणी गं माझी,” युलिसा म्हणाली. “हूं की चूं नाही केलंस.”

तार्हेलियाने झटकन मान वर केली. युलिसा टोचून बोलली नव्हती. तिला ठाऊक असलेलं समजावणीचं वाक्य ते एवढंच होतं.

“तू तिथे...” तार्हेलियाने कपाटामागे बोट दाखवलं. “तू रोज तिथे किती वेळ असायचीस, गं?”

“कोणास ठाऊक. आई येईपर्यंत.” युलिसाने खांदे उडवले. “मला अजून मोठ्याने खोकता येत नाही, मावशी. इस्पितळात सगळ्या हसतात. खोकला आला की मी तोंडात काहीतरी धरते.”

तार्हेलियाने गुळाची वडी दिली होती त्या पोरीला. गुळाची वडी. त्या पोरीची गोष्ट कौतुकाने सांगत तिने इतकी वर्षं काढली. तिला रडू कोसळलं, आणि ते तिने दोन्ही हात तोंडावर दाबून आत ढकललं, कारण खाली अंगणात ग्लॅडिस दोरीवरचे कपडे काढत होती.

बाहेर अंधारून आलं. युलिसाने उठून दिवा लावला. पडद्यावर दोन डोक्यांची सावली पडली. तार्हेलिया पलंगावरून उतरली, फळ्यांवर बसली आणि तिने डोकं खिडकीच्या खाली घेतलं.